बुधाजीकाकांचा नारळ

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. नववीत असताना नारळी पुनवेला मालवणच्या बंदरावर ज्या नारळाने मी बुधाजीकाकांना हरवलं, तो नारळ मी चोरलेला होता. आणि चोरला होता तो बुधाजीकाकांचाच. मी ती पैज जिंकलो हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोने ऐकलंय, मुलांनी ऐकलंय, आणि ज्या शाळेत मी पंचवीसेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय तिथल्या प्रत्येक नववीने ऐकलंय. चोरीचा भाग मी दर वेळी गाळला. सांगताना कुठे वळण घ्यायचं हे जिभेला इतकं सवयीचं झालं की मधे काही गाळलंय असं मलाही वाटेनासं झालं होतं. आता पन्नाशी उलटली, तेव्हा लिहून ठेवतो.

आधी खेळ सांगायला हवा, कारण घाटावरच्या लोकांना तो माहीत नसतो. श्रावणातल्या पुनवेला समुद्राला नारळ दिला की आमच्याकडे बंदरावर नारळ लढवतात. दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाने सोललेला नारळ तळहातावर धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ हातात घेऊन त्यावर हाणायचा. दोन्ही शाबूत राहिले तर पुन्हा. ज्याचा फुटला तो हरला. फुटका नारळ जिंकणाऱ्याच्या पिशवीत. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण त्या दिवशी वकील काय, होडी हाकणारा तांडेल काय, शिंपी काय, सगळे बाह्या सरसावून उभे असत. दुपारपासून बंदरभर ठॉक ठॉक चाले, पायाखाली नारळाचं पाणी होई, आणि वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसं तेवढ्यापुरती एकमेकांच्या हातावर हाणून घेत.

आमचं घर बाजाराच्या मागे होतं आणि घराला लागूनच अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नारळाची वखार. घर कुठे संपतं आणि वखार कुठे सुरू होते हे आईलाही नीट सांगता आलं नसतं. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे सकाळपासून नारळ सोलणं चाले. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर नारळ आपटला की खच्च, मग हाताच्या पिळाने वरचं सोडण, म्हणजे काथ्याचं साल, फाटताना करकर, आणि सोललेला नारळ ढिगावर पडला की टण्ण. खच्च, करकर, टण्ण. या ठेक्यावर मी पाढे पाठ केले आणि तापाने फणफणलो असताना झोपही याच ठेक्यावर लागली. आवाज थांबला की आई तव्यावरचं घावन तसंच ठेवून विचारी, "बुधाजी चाय पिऊक बसलो काय?" आणि उत्तराची वाट न बघता आधण चढवी. चुलीत सोडणं, न्हाणीघराच्या बंबाखाली सोडणं, अंगणात वाळत टाकलेली सोडणं. आमच्या कपड्यांना त्याच धुराचा वास असे. शाळेत मुलं मला ओळखायची ती त्या वासावरून.

बुधाजीकाका हे आमच्याकडे नारळ सोलणारे. रोज तारकर्लीहून चालत यायचे. आडवा बांधा, मांडीएवढे दंड, आणि हालचाली इतक्या संथ की आका, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, ओसरीवरून त्यांची फिरकी घ्यायची. "बुधाजी, तुझ्या आदी तुझी सावली पोचतली घराक." बुधाजीकाका सोडण बाजूला टाकत म्हणायचे, "पोचांदे. तेवडीच दार तरी उघडीत." असं बोलून ते पुढचा नारळ सुळ्यावर आपटायचे. हाताखालून जाणारा प्रत्येक नारळ ते कानाशी धरून अंगठ्याच्या नखाने टिचकी मारून ऐकायचे. त्यांना त्यातून काय कळे हे ते कुणाला सांगत नसत. पण नारळी पुनवेला हाच माणूस धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून बंदरावर उभा राही आणि संध्याकाळी पोतं भरून नारळ घेऊन तारकर्लीला जाई. एरवी त्यांना 'रे बुधाजी' म्हणणारी माणसं त्या एका दिवशी 'बुधाजीशेठ' म्हणत. वर्षात तेवढा एकच दिवस.

मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला उचलून वखारीच्या माळ्यावर ठेवलं होतं. तिथे कोपऱ्यात भाताच्या कोंड्याने भरलेलं एक मडकं होतं. त्यांनी कोंड्यात हात घालून एक नारळ बाहेर काढला. मध्यम आकाराचा, काळपट, टोकाला निमुळता. किनाऱ्यालगतच्या एका जुन्या माडाचे नारळ असे असतात, त्या झाडाला फळ थोडं पण करवंटी जाड, आणि काही महिने कोंड्यात ठेवला की ती आणखी कडक होते, एवढं त्यांनी मला सांगितलं. मग माझं बोट धरून करवंटीवरून फिरवलं. "हय शिरो आसत, हय तेचा टोक. टोकार तो राजा. पोटार तो गरीब. कळला?" मला काही कळलं नव्हतं, तरी मी मान हलवली. "कोणाक सांगा नको," ते म्हणाले. त्यांच्या मुलालाही ते मडकं ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. तेवढं वचन मी पाळलं असं म्हणायला हरकत नाही.

आपटे मास्तर मिरजेकडून आले तेव्हा आमच्या शाळेत पदार्थविज्ञान नुकतंच सुरू झालं होतं. सुरू म्हणजे नावाला. जुन्या बाकांची अडगळ ठेवायची खोली त्यांना दिली होती आणि उपकरणांत काचेची एक नळी होती, तीही टोकाला तडकलेली. मास्तर तरुण, काडीसारखे, दमट हवेने सदरा कायम पाठीला चिकटलेला. त्यांना एक वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब उघड म्हणत, "मुंबईत टायपिंग येणाऱ्याला नोकरी आहे. गतीला कोण नोकरी देतो?" त्यांना त्या खोलीत टायपिंगची यंत्रं हवी होती. आम्हा मुलांना मास्तरांचं काय होणार याची पहिल्या दिवशी काही पर्वा नव्हती. त्यांनी विचारलं, "कुडाळहून मालवणला मोटर किती वेळात येते?" दत्ता, एका तांडेलाचा मुलगा आणि माझ्या शेजारी बसणारा, उठून म्हणाला, "ड्रायव्हर कोण आसा तेच्यार." वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "अगदी बरोबर. रस्ता तोच, वेळ वेगवेगळा. का?" आणि दत्ता, ज्याला आजवर कुठल्याही मास्तराने 'अगदी बरोबर' म्हटलं नव्हतं, तसाच उभा राहिला, खाली बसायचं विसरून. वेग म्हणजे काय ते आम्ही असं शिकलो.

पण मला बांधून घातलं ते दुसऱ्याच एका दिवसाने. मास्तरांनी मला घरून दोन लोखंडी वजनं आणायला सांगितली, एक शेराचं आणि अर्ध्या शेराचं. शाळेमागे घमेल्यात त्यांनी ओली चिकण माती थापटून सपाट केली. एक शेराचं वजन एका हाताच्या उंचीवरून सोडलं. मातीत खळगा पडला, त्याची खोली काडीने मोजली. मग चार हातांवरून. त्यासाठी मास्तर खुर्चीवर चढले आणि खुर्ची आम्ही तिघांनी धरली. खळगा जवळजवळ चौपट खोल. "चार हातांवरून पडलेली वस्तू जमिनीशी पोचते तेव्हा तिचा वेग एका हातावरून पडलेल्या वस्तूच्या दुप्पट असतो," मास्तर खुर्चीवरूनच म्हणाले. "वेग दुप्पट, आणि मातीवर केलेलं काम चौपट. वजन दुप्पट केलंत तर काम दुप्पटच होईल. वेग दुप्पट केलात तर चौपट." आम्ही अर्ध्या शेराचं वजन टाकून पाहिलं, पुन्हा एक शेराचं टाकून पाहिलं, दत्ताने स्वतःची चप्पल टाकून पाहिली. काडी एकदाही खोटं बोलली नाही. तोवर आकडे म्हणजे फळ्यावरचा खडू असं मला वाटे. त्या दिवशी आकडा ओल्या मातीत बसलेला दिसला. घरी जाताना मी हातातली वजनं उगाच खाली-वर करत होतो. हे सगळं जग असं चालतं आणि ते मला कळू शकतं, या कल्पनेनं मला अक्षरशः धाप लागली होती. अजूनही कधी वर्गात एखाद्या मुलाचा चेहरा तसा होतो, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर मला चार घास जास्त जातात.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. मास्तर फळ्यावर ऊर्जेचं सूत्र लिहीत होते आणि दत्ता उठला.

"मास्तरानु, एक इचारू?"

"विचार."

"आमच्या बंदरार बुधाजी दरवर्साक सगळ्यांचे नारळ फोडता. आणि मारता कसो? म्हातारी तुळशीक पाणी घालता तसो. मगे तेचो वेग खंय गेलो?"

वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि हसता हसता घसरले. "याचा अर्थ इतक्या वर्षांत त्यांना वेगाने मारणारा कुणी भेटलाच नाही," ते म्हणाले. "पंधरा वर्षांचा पोरगासुद्धा त्यांना हरवेल, हात जर वेगाने आला तर."

संध्याकाळपर्यंत हे बाजारात पोचलं. भाऊसाहेबांनी मास्तरांना रस्त्यातच अडवलं. मी मागे होतो, म्हणून शब्द आठवतात. "मास्तर, मग दाखवाच. पुनवेला तुमच्या पोराने बुधाजीचा नारळ फोडला तर शास्त्राचा वर्ग चालू ठेवू, मुंबईहून सामान मागवतो. नाही फोडला तर दिवाळीनंतर तुमच्या खोलीत टायपिंग." भोवतालची माणसं हसली. भाऊसाहेबही हसत होते. पण त्यांनी हसत केलेल्या गोष्टी पुढच्या बैठकीत ठराव होऊन येत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी चष्मा नाकावर वर सरकवला. ते म्हणाले, "चालेल."

मारणारा म्हणून निवड माझी झाली. माझे हात लांब होते, क्रिकेटमध्ये मी वेगाने चेंडू टाकायचो, आणि नारळाची आमच्याकडे कमतरता नव्हती. अण्णांना ही गंमत भारी आवडली. "माझो माणूस आणि माझो झील," ते माझ्याकडे बोट दाखवत गिऱ्हाइकांना सांगत. "कोणय जिंकांदे, नारळ वखारीचेच." बाजारात न खपणारे बारके नारळ त्यांनी माझ्यासाठी वेगळे काढून दिले. रोज शाळा सुटल्यावर वखारीमागे दत्ता नारळ धरायचा आणि मी हाणायचो. फुटलेले सगळे आईकडे. घरात मग खोबऱ्याला वाटच उरली नाही. सकाळी घावन नि खोबऱ्याची चटणी, दुपारी सोलकढी, आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, संध्याकाळी नारळाच्या रसातल्या शेवया, म्हणजे रस-शिरवाळे, त्यावर वड्या. शेजारी वड्या, मास्तरांना वड्या, भाऊसाहेबांकडेही वड्या. आठव्या दिवशी आईने खोवणं थांबवून हात पदराला पुसले. "शिरा पडो त्या वेगाच्या तोंडार," ती म्हणाली. "मनगटा गेली माझी." आका आतून म्हणाली, "तेका म्हण, माडार चढून सवकाश पडाक शीक."

माझ्याकडे एक वही होती. मास्तरांनीच लावलेली सवय. एका रकान्यात माझा फुटला, दुसऱ्यात दत्ताचा फुटला. एका दिवशी मी मुद्दाम हळू मारलं, एका दिवशी जीव खाऊन. आठवड्याने वही उघडून मी बेरीज केली. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे होते. हळू मारल्यावर चार-पाच फटक्यांत कुणाचा तरी फुटे, जोरात मारल्यावर पहिल्या-दुसऱ्यात. वेगामुळे लवकर फुटत होता, यात शंका नव्हती. पण कुणाचा फुटणार, हे वेग ठरवत नव्हता. त्या दिवशी फटका मारून मी हात झाडला आणि बघितलं तर दत्ताही हात झाडत होता.

"तुझो हात दुखता?" मी विचारलं.

"दुखता."

"माझोय दुखता. तेवडोच."

"मगे थांबूया," दत्ता म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्यासाठी तो तिथे सुरू झाला. मी त्याच्या नारळाला जेवढं मारत होतो तेवढंच त्याचा नारळ मला मारत होता. त्या ठिणगीएवढ्या क्षणात मारणारा आणि धरणारा असा भेदच नव्हता. दोघांवर सारखाच दाब, मग ज्याची करवंटी कच्ची तो जाणार. टोकावर राजा, पोटावर गरीब. मडक्यातल्या नारळावरून बोट फिरवत बुधाजीकाका हेच सांगत होते, आणि ते कुठल्याही पुस्तकाशिवाय. आज मी हाच नियम फळ्यावर लिहितो, त्याला थोर नावं आहेत. पण मला तो एका दुखऱ्या तळहातातून कळला, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी भीतीच्या खालोखाल मला अभिमानच वाटत होता. मास्तरांची चूक मला सापडली होती.

मास्तरांना जाऊन सांगायचं होतं. मी त्यांच्या बिऱ्हाडापर्यंत गेलोही. ते कंदिलाची काच पुसत बसले होते. मला बघून म्हणाले, "वसंता, सामानाची यादी केली. तराजू, लोलक, दोन भिंगं. वाच." मी यादी वाचली. मोत्यासारखं अक्षर. त्यांनी यादी करताना कुठेही 'जर' लिहिलेलं नव्हतं. मी वही पाठीमागेच धरली आणि परत आलो.

पुनवेच्या आधी दोन दिवस, दुपारी, आई नि आका जेवून आडव्या झाल्या होत्या आणि बुधाजीकाका विहिरीवर हातपाय धुवायला गेले होते. वखारीतला ठेका थांबलेला. मी शिडीने माळ्यावर गेलो. मडकं त्याच कोपऱ्यात होतं. कोंड्यात हात घातला तर बोटांना आधी गारवा लागला, मग ती करवंटी. त्याच मापाचा, तसाच काळपट एक नारळ मी ढिगातून निवडून ठेवला होता. तो आत घातला, कोंडा सारखा केला. त्यांचा नारळ सदऱ्याखाली घेऊन खाली आलो आणि त्याची शेंडी कात्रीने वेगळी कातरली, ओळखू येऊ नये म्हणून. याला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. थरथरला नाही.

पुनवेला पाऊस उघडला होता. समुद्राला नारळ देऊन झाला, ढोल थांबले आणि बंदरावर ठॉक ठॉक सुरू झालं. बुधाजीकाकांनी साध्या नारळांवर सहा-सात जणांना गारद केलं, संथपणे, प्रत्येकाचा फुटका नारळ हळूच पिशवीत टाकत. मग आमची पाळी. भोवती एवढी गर्दी की पोरं दोऱ्यांच्या गुंडाळ्यांवर, होडीच्या काठांवर उभी. भाऊसाहेब खुर्चीवर. मास्तर माझ्या मागे, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ठरलं होतं ते असं, की बुधाजीकाका धरणार आणि मी मारणार. मास्तरांच्या नियमाची परीक्षा तीच होती.

बुधाजीकाकांनी पिशवीच्या तळातून ठेवणीतला नारळ काढला. सवयीने कानाशी नेला. नखाने टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"वसंता, बगू तुझो."

समोरच्याचा नारळ बघायला मागणं हे रीतीला धरूनच होतं. मी दिला. त्यांनी तो तळहातावर तोलला, निमुळत्या टोकावरून अंगठा फिरवला, कातरलेल्या शेंडीशी क्षणभर थांबवला, मग कानाशी धरून एक टिचकी. मला ती टिचकी अजून ऐकू येते. "काय रे बुधाजी, लग्न लावतंस काय तेचा?" कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. बुधाजीकाकांनी नारळ मला परत दिला. "बरो आसा," ते म्हणाले. "मार."

त्यांनी आपला नारळ जसा धरायचा तसाच धरला, टोक वर, पोट तळहातात झाकून. काही सोडून दिलं नाही. पहिला फटका मी पूर्ण हात फिरवून मारला, दोन्ही शाबूत. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या वेळी मी दत्ताच्या तुळशीपासून मास्तरांच्या खुर्चीपर्यंत सगळं विसरलो, फक्त हात आला. कडाक झालं. माझ्या मुठीतला नारळ अखंड होता. बुधाजीकाकांच्या मनगटावरून पाणी ओघळत सदऱ्याच्या बाहीत शिरत होतं.

त्यानंतर जे झालं ते मी कमी करून सांगणार नाही. मी आनंदाने वेडा झालो. मला उचललं, मास्तरांना उचललं, त्यांचा चष्मा कुणाच्या तरी टोपीत सापडला. "फोडल्यान रे, वसंतान बुधाजीचो नारळ फोडल्यान," दत्ता धक्क्यावरून पळत ओरडत सुटला, कुणालाही आणि सगळ्यांना. भाऊसाहेब खुर्चीवरून उठले आणि चारचौघांत मास्तरांना म्हणाले, "यादी पाठवा." ज्यांनी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती ते तांडेल मास्तरांना गाठून विचारत होते की शिडाच्या होडीचा वेग दुप्पट झाला तर तिला थांबवायला किती जास्त लागेल. मास्तर ओल्या धक्क्यावर बोटाने आकृत्या काढून सांगत होते. विज्ञान आमच्या गावात असं आलं, नारळाच्या पाण्यातून, मिरवत. आणि मला खांद्यावरून खालची गर्दी दिसत होती, आणि मला वाटत होतं हे मी केलं. चोरी आठवत होती, तरी वाटत होतं.

दिवाळीआधी पेटी आली. पेंढ्यात गुंडाळलेला तराजू, लोलक, भिंगं. आपटे मास्तर पुढे अकरा वर्षं आमच्या शाळेत राहिले. त्या अडगळीच्या खोलीतून शिकून दत्ता बोटींच्या इंजिनांवर गेला, दोघं-तिघं इंजिनियर झाले, एक मुलगी डॉक्टर झाली. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे, आणि ते त्या तिसऱ्या फटक्यावर उभं आहे. याला चांगलं म्हणायला मी कचरणार नाही.

पण पेटी आली त्याच आठवड्यात मास्तर वर्गात आले ते फळ्याकडे तोंड करूनच उभे राहिले. मग वळले. "मुलांनो, माझी चूक झाली," ते म्हणाले. त्यांनी दोन वर्तुळं काढली, एकमेकांना टेकलेली, आणि दोन्हींकडे सारख्या लांबीचे बाण. "दोघांवर बल सारखंच. वेग वाढला तर फुटण्याची शक्यता वाढते, पण मारणाऱ्याचाच नारळ वाचेल असं नाही. मी भर बंदरावर चुकीचं बोललो. भाऊसाहेबांनाही हे सांगितलं." आजवर कुठल्या मास्तरांनी असं म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. "आपण जिंकलो ते माझ्या नियमाने नव्हे. मग कशाने?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं कुतूहल होतं, संशयाचा लवलेश नव्हता. "वसंता, तुला काय वाटतं?"

माझी वही दप्तरात होती. उत्तर मला पूर्ण ठाऊक होतं, दोन्ही अर्ध्या भागांसकट, नियम आणि चोरी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नशिबाने, सर." त्यांनी मान हलवली आणि प्रयोगवहीत लिहिलं, 'कारण अज्ञात'. मास्तर शाळा सोडून गेले तेव्हा ती वही शाळेने मला दिली. ते पान मी पुन्हा उघडलेलं नाही.

बुधाजीकाकांनी त्यानंतर नारळ लढवला नाही. खांदा दुखतो म्हणाले. वखारीत मात्र रोज येत राहिले, खच्च, करकर, टण्ण तसंच चालू. मी त्यांच्या समोर जाणं टाळायचो. एकदा मात्र चहाचा पेला द्यायला आईने मलाच पाठवलं. त्यांनी तो घेतला, फुंकर मारली.

"मास्तर रवलो मां?"

"रवलो, शाळेतच आसा," मी म्हणालो.

"मगे झालां," ते म्हणाले आणि चहा प्यायले. यापलीकडे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. ते गेले तेव्हा मी कोल्हापुरात नोकरीला लागलो होतो. अण्णांचं पत्र चार दिवस उशिरा पोचलं, आणि पोचलं नसतं तरी मी गेलो नसतो, हेही आता लिहून टाकतो.

त्यांचा मुलगा तारकर्लीला असतो. मालवणला गेलो की हटकून भेटतो आणि बरोबरच्या माणसाला सांगतो, "आमच्या बापाशीक ह्या गावात एकाच माणसान हरवल्यान, ह्येंनी." अभिमानाने सांगतो. मी हसून पुढे जातो. बुधाजीकाका कधीच हरले नव्हते, हे त्या मुलाला तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. आणि नारळी पुनवेला त्याच बंदरावर, गर्दीसमोर, मोठ्याने सांगायचंही देणं लागतो. दोन्ही अजून केलेलं नाही.